गाडी उभी, पण ड्रायव्हर ड्युटीवर! नंबरला थांबण्याचा वेळ कामाच्या तासात धरतात का? वाचा सविस्तर

म्हसा (ता. मुरबाड) : मुरबाड आणि शहापूर तालुक्यातली बरीच तरुण पोरं आज स्टेअरिंगवर आहेत. कोणी भिवंडी-पडघ्याच्या गोदामांवर, कोणी मुरबाड एमआयडीसीत, कोणी उरणच्या बंदरावर कंटेनर चालवतो, तर कोणी गावातल्याच शेठच्या पिकअपवर भाजी, गवत, विटा घेऊन कल्याणला जातो. या सगळ्यांची तक्रार एकच असते : "गाडी चालवायला त्रास नाही, थांबायला त्रास आहे."

गोदामाबाहेर नंबर लागेपर्यंत चार-पाच तास, माल भरायला दीड-दोन तास, पुढे खाली करायला पुन्हा रांग. भत्ता मिळतो ट्रिपचा. मग जो वेळ रांगेत गेला, तो कामाचा की आरामाचा? मालक म्हणतो, "गाडी उभीच होती, तू झोपला असशील." ड्रायव्हर म्हणतो, "झोपायला गेलो असतो तर नंबर गेला असता." यात कायदा काय म्हणतो, ते सोप्या भाषेत पाहू.

कोणता कायदा लागू होतो?

ट्रक, टेम्पो, बस चालवणाऱ्या कामगारांसाठी आपल्या देशात १९६१ साली मोटार परिवहन कामगार अधिनियम आला. पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला तो लागू होता. त्यानंतर मोटार वाहन अधिनियम, १९८८ आला. त्याच्या कलम ९१ मध्ये म्हटलंय की, परिवहन वाहन चालवण्यासाठी ठेवलेल्या कोणत्याही माणसाचे कामाचे तास १९६१ च्या कायद्यात सांगितल्याप्रमाणेच असतील. या कलमात पाच माणसांची अट लिहिलेली नाही. म्हणजे पिवळ्या पाटीची एकच गाडी असली आणि तिच्यावर पगारी ड्रायव्हर असला, तरी तासांचा नियम आपल्याला नाही, असं मालकाला सहज म्हणता येत नाही.

आता नवीन काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये १९६१ चा कायदा सामावून घेण्यात आला आहे. नव्या संहितेत मोटार वाहतूक व्यवसायासाठी दहा किंवा जास्त कामगारांची अट आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, मोटार कामगाराच्या कामाच्या तासात काय काय धरायचं, ती यादी जुन्या कायद्यातून जवळजवळ जशीच्या तशी नव्या संहितेत आली आहे. त्यामुळे जुन्याचा अर्थ समजला की नव्याचाही समजतो.

कामाचे तास म्हणजे नेमके काय?

१९६१ च्या कायद्यातली व्याख्या फार कामाची आहे. कामगार ज्या वेळात मालकाच्या, किंवा त्याची सेवा घेण्याचा हक्क असलेल्या दुसऱ्या कोणाच्या, हुकमात असतो तो वेळ म्हणजे कामाचे तास. गाडी किती चालली, मीटर किती फिरला, याच्यावर हे ठरत नाही. "हुकमात असणे" हा त्यातला खरा मुद्दा. पुढे कायद्याने तीन गोष्टी नाव घेऊन त्यात घातल्या आहेत :

१) गाडी चालू असण्याच्या काळात केलेलं काम. हा काळ म्हणजे दिवसाच्या सुरुवातीला गाडी कामाला लागल्यापासून दिवसाअखेर गाडी कामातून सुटेपर्यंतचा सगळा वेळ. मधला लांब खंड यातून वगळता येतो, पण कधी? तो खंड नियमात ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठा असेल आणि त्या वेळात ड्रायव्हर आपल्या मर्जीने वेळ घालवायला मोकळा असेल किंवा जोडकामात असेल, तेव्हाच.

२) जोडकाम. यात हिशेब देणं, रजिस्टरवर सही करणं, गाडी ताब्यात घेणं आणि लावणं, गाडीची देखभाल-दुरुस्ती आणि माल भरणं-उतरवणं येतं. हजेरी एका ठिकाणी आणि गाडी दुसऱ्या ठिकाणी असेल, तर तिथपर्यंत जाण्या-येण्याचा वेळही यातच येतो.

३) टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळ, पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर. "नुसतं हजर राहणं" म्हणजे बोलावणं आलं तर उत्तर द्यायला, किंवा ठरलेल्या वेळी काम पुन्हा सुरू करायला आपल्या जागेवर थांबणं.

मग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबलं तर?

भांडण होतं ते इथेच. मालकाच्या बाजूचे लोक तिसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवतात. पंधरा मिनिटांच्या आतलं थांबणं धरायचं असं लिहिलंय, म्हणजे त्याच्या वरचं धरायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

पण वाक्य नीट वाचलं तर गोष्ट एवढी सरळ नाही. तो मुद्दा टर्मिनलवरच्या "नुसत्या हजेरी"पुरता आहे, आणि ही भाषा एसटीसारख्या ठरलेल्या वेळापत्रकाच्या गाड्यांना जास्त लागू पडते. ट्रकची रांग तशी नसते. सकाळी गाडी चालू करून रांगेत लावली की दिवसाचं काम सुरू झालं. पुढची गाडी सरकली की आपली सरकवायची, ताडपत्री सोडायची, सुपरवायझरने हाक मारली की कागद घेऊन पळायचं, डिझेल आणि बॅटरी चोरीला जाऊ नये म्हणून लक्ष ठेवायचं. या वेळात ड्रायव्हर मर्जीचा मालक नसतो. तो मोकळा नसेल तर पहिल्या मुद्द्याप्रमाणे हा वेळ गाडी चालू असण्याच्या काळातून वगळता येत नाही, असं ड्रायव्हरच्या बाजूने ठामपणे मांडता येतं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. "तुझा नंबर रात्री आठला आहे, गाडीची चावी गेटवर दे, तोपर्यंत कुठेही जा" असं सांगितलं आणि खरंच तसं जाता आलं, तर तो वेळ आरामाचा धरला जाण्याची शक्यता जास्त.

म्हणून प्रत्येक वेळी स्वतःला तीन प्रश्न विचारा :

- मला गाडी सोडून जाता येत होतं का?
- किती वेळ थांबायचंय ते आधी सांगितलं होतं का?
- मधे गाडी हलवणं, माल राखणं, फोन घेणं, असं काही माझ्यावर होतं का?

गाडी सोडता येत नव्हती, वेळ माहीत नव्हती आणि राखण आपल्यावरच होती, तर तो वेळ कामाचा म्हणून मागायला तुमची बाजू भक्कम आहे.

दिवसाची मर्यादा किती?

१९६१ च्या कायद्याप्रमाणे हिशेब असा आहे :

- दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास.
- लांब पल्ल्याचे मार्ग किंवा सण-उत्सवाचे दिवस सरकारी अधिकाऱ्याने अधिसूचित केले असतील, तर त्याच्या मंजुरीने जास्तीत जास्त दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तास.
- सलग ५ तासांपेक्षा जास्त काम नाही. त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती.
- विश्रांती धरून सकाळपासून ड्युटी सुटेपर्यंतचा एकूण पसारा १२ तासांच्या आत.
- आजची ड्युटी सुटल्यापासून उद्याची लागेपर्यंत सलग ९ तास मोकळे.
- दिवसाचं काम दोनपेक्षा जास्त तुकड्यांत तोडायचं नाही.
- जादा कामाला नेहमीच्या दराच्या दुप्पट पैसे.

नव्या संहितेतही दिवसाचे ८ तास, आठवड्याला सहाच दिवस काम आणि जादा कामाला दुप्पट दर कायम आहे. जादा काम करून घ्यायला कामगाराची संमती लागते, हेही त्यात आहे. विश्रांती आणि पसारा किती असावा, हे सरकारने अधिसूचनेने ठरवायचं आहे.

आपल्या म्हशाच्या यात्रेचं उदाहरण घ्या. पौष पौर्णिमेला यात्रा भरते, बैलबाजार लागतो. जनावरांच्या आणि दुकानदारांच्या गाड्यांची कर्जत–मुरबाड रस्त्यावर रांग लागते. "यात्रा आहे, एवढं चालायचंच" असं म्हणून ड्रायव्हरला रात्रंदिवस जुंपलं जातं. कायद्यात सणाची सवलत आहे, पण ती आपोआप मिळत नाही. तसा दिवस अधिसूचित झालेला असला पाहिजे, मालकाला मंजुरी असली पाहिजे, आणि तरीही वरची हद्द १० तासांचीच.

घाटात अडकलो तर?

पावसाळ्यात माळशेजला दरड आली, कसाऱ्यात ट्रेलर बंद पडला, की गाड्या तासन्‌तास उभ्या. गाडी बिघडणं, वाहतूक ठप्प होणं किंवा नैसर्गिक आपत्ती, अशा वेळी ८ तासांची मर्यादा ओलांडायला कायदा अटींसह परवानगी देतो. भर घाटात ८ तास झाले म्हणून गाडी सोडून कोणी जाऊ शकत नाही, हे कायद्यालाही कळतं.

पण इथे एक गोष्ट गावात सर्रास चुकीची समजली जाते. मर्यादा ओलांडायची सूट मिळाली म्हणजे तो वेळ मोजायचा नाही, असं नव्हे. जॅममध्ये ड्रायव्हर स्टेअरिंगवरच असतो, मोकळा नसतो. म्हणजे ते काम झालं. ८ तासांवर गेलेला वेळ जादा कामात येतो आणि त्याचे पैसे मागता येतात.

ठाणे-मुंबईच्या हद्दीत अवजड वाहनांना ठरावीक वेळेत बंदी असते, तेव्हा पडघ्याच्या अलीकडे गाड्या थांबवाव्या लागतात. बंदी किती वाजता उठणार ते माहीत असतं. त्या वेळात मालाची जबाबदारी दुसऱ्याने घेतली आणि ड्रायव्हरला झोपता आलं, तर तो आराम. भरलेल्या मालासह हायवेच्या कडेला एकटाच राखत बसला असेल, तर त्याला आराम म्हणणं अवघड आहे.

एका दिवसाचा हिशेब करून पाहू

समजा, पडघ्याहून नाशिकला माल न्यायचा आहे. हे फक्त समजण्यासाठी उदाहरण आहे.

- सकाळी ६.०० ते ६.२० : गाडी ताब्यात घेतली, हवा-पाणी-ऑइल बघितलं : २० मिनिटं
- ६.२० ते १०.५० : गोदामाबाहेर रांग : साडेचार तास
- १०.५० ते १२.२० : माल भरला : दीड तास
- १२.२० ते १२.४० : काटा, बिल्टी, सील : २० मिनिटं
- १२.४० ते १.१० : जेवण : अर्धा तास
- १.१० ते ५.४० : कसारा घाटमार्गे नाशिक : साडेचार तास
- ५.४० ते रात्री ८.०० : माल खाली केला : २ तास २० मिनिटं

मालकाच्या पद्धतीने सकाळची रांग सोडली, जेवण सोडलं, तरी बेरीज होते ९ तास. म्हणजे एक तास जादा काम झालंच. रांग धरली तर साडेतेरा तास, म्हणजे साडेपाच तास जादा.

पैशात बघा. हिशेबाला सोपा म्हणून महिन्याला २०,८०० रुपये पगार धरू. २६ दिवसांनी भागलं तर रोज ८०० रुपये, तासाला १०० रुपये. जादा कामाचा दुप्पट दर तासाला २०० रुपये. रांग न धरता जादा कामाचे होतात २०० रुपये. रांग धरली तर १,१०० रुपये. एका दिवसात ९०० रुपयांचा फरक, तोही फक्त रांगेमुळे. महिन्यात असे आठ दिवस आले तरी ७,२०० रुपये. पोराच्या कॉलेजची फी किंवा भाताच्या खताचा खर्च यातून निघतो.

आणखी एक बघा. सकाळी ६ ते रात्री ८ हा पसारा १४ तासांचा झाला. १२ तासांची हद्द मोडली. पसारा मोजताना रांग काम आहे की आराम, हा वादच येत नाही. ड्युटी लागली तेव्हा घड्याळ सुरू, ड्युटी सुटली तेव्हा बंद. म्हणून रांगेवरून वाद झाला, तर आधी पसाऱ्याचा मुद्दा मांडा. तो सिद्ध करायला सोपा आहे.

बाहेरच्या देशांत काय चालतं?

आपल्या कायद्यातले हे शब्द आकाशातून पडलेले नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३९ साली रस्ता वाहतुकीच्या कामाच्या तासांवर जो ६७ क्रमांकाचा करार केला, त्यात "हुकमात असलेला वेळ", "जोडकाम", "नुसती हजेरी" अशीच वाटणी आहे.

युरोपात दिवसाला साधारण ९ तासच गाडी चालवता येते आणि साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावं लागतं. तिथे थांबण्याचा वेळ किती आहे, हे ड्रायव्हरला आधीच माहीत असेल, तरच तो कामाच्या तासांतून वेगळा काढता येतो. अमेरिकेत ड्युटी लागल्यापासून १४ तासांच्या खिडकीत ११ तासच माल गाडी चालवता येते. गोदामात थांबलात तरी १४ तासांचं घड्याळ सहसा थांबत नाही. म्हणजे रांगेत वेळ गेला तर त्या दिवशी चालवायला कमी वेळ उरतो, आणि त्याची झळ गोदामवाल्यालाही लागते.

आपल्याकडे उलटं होतं. रांगेत गेलेला वेळ ड्रायव्हरने रात्री गाडी दामटून भरून काढायचा. दिवसभर उन्हात रांगेत बसलेला माणूस रात्री कसारा किंवा माळशेज उतरतो तेव्हा त्याच्या डोळ्यांवर झापड असते. तासांचा नियम पगारासाठी आहेच, पण त्याआधी तो जिवासाठी आहे. ड्रायव्हरच्याही आणि समोरून दुचाकीवर येणाऱ्या आपल्यासारख्यांच्याही.

थांबलेला असताना काही झालं तर भरपाई?

कामावर असताना, कामामुळे इजा किंवा मृत्यू झाला तर भरपाईचा हक्क कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ ने दिला. आता ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल इथे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

२०१२ च्या निकालात, दिल्लीहून हजार किलोमीटरपेक्षा लांब ट्रक नेलेल्या ड्रायव्हरला वाटेत अस्वस्थ वाटलं. त्याने गाडी हॉटेलजवळ बाजूला घेतली आणि त्याचा मृत्यू झाला. गाडी उभी होती, तरी लांबच्या प्रवासाच्या ताणाचा आणि मृत्यूचा संबंध न्यायालयाने मान्य केला आणि कुटुंबाला भरपाई मिळाली.

२००९ च्या निकालात मात्र, गाडी घेऊन देवस्थानाला गेलेला ड्रायव्हर तिथल्या तळ्याच्या पायऱ्यांवरून घसरून बुडाला. त्याचा नोकरीशी संबंध नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि विमा कंपनीवर जबाबदारी टाकली नाही.

दोन्ही वेळा गाडी थांबलेलीच होती. फरक पडला तो कामाशी असलेल्या धाग्यामुळे. म्हणून आपण त्या वेळी ड्युटीवर होतो, याची नोंद असणं किती महत्त्वाचं आहे ते कळेल.

पुरावा कसा ठेवाल?

तोंडी हिशेब कोणी मानत नाही. पण आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. एवढं करा :

- रांगेत गाडी लावली की फोटो काढा आणि स्वतःलाच किंवा घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. वेळ आपोआप पडते.
- गेट पासवर आत-बाहेरची वेळ लिहून घ्या. शिक्का मारून मागा.
- काट्याची पावती, बिल्टी, ई-वे बिल यांचे फोटो ठेवा.
- फास्टॅगचे मेसेज मालकाच्या नंबरवर जातात, पण टोल कधी ओलांडला ते स्वतः लिहून ठेवा. वाद झाला तर ती नोंद पडताळता येते.
- मालकाला मेसेज टाका : "१०.५० ला आत घेतलं, ६.२० पासून रांगेत होतो." त्याने साधं "ओके" लिहिलं तरी पुरावा झाला.
- वीस रुपयांची वही घ्या. तारीख, ड्युटी लागली, रांग, भरणी, चालवणं, खाली, ड्युटी सुटली, असे रकाने पाडा.

नव्या संहितेप्रमाणे, ती लागू असलेल्या ठिकाणी नेमणूक पत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. ते मागून घ्या. त्यात पगार किती आणि भत्ता किती, हे वेगळं लिहिलेलं असावं. नाहीतर जादा कामाचे पैसे भत्त्यातच आले, असं सांगून विषय संपवला जातो.

मालकांनीही लक्ष द्यावं

आपल्या भागातले बरेच मालक एक-दोन गाड्यांचेच आहेत. गाडी कर्जाची, हप्ता डोक्यावर. ते विचारतात, "गोदामवाला गाडी अडवून ठेवतो, मी पैसे कुठून देऊ?" प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर भाडं ठरवतानाच द्यायला हवं. भरायला आणि खाली करायला किती तास मोफत, त्यानंतर हॉल्टिंग किती, हे बुकिंगच्या वेळी लेखी घ्या, बिल्टीवर लिहा. आणि हॉल्टिंग मिळालं की त्यातून ड्रायव्हरच्या जादा तासांचे पैसे द्या, कारण ते तास त्यानेच काढलेले असतात. ड्रायव्हरने ठेवलेली वेळेची नोंद हॉल्टिंग वसूल करायला मालकालाच उपयोगी पडते.

तक्रार कुठे करायची?

आधी मालकाशी बोला, हिशेबाची वही दाखवा. ऐकलं नाही तर ठाणे जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात तारीखवार तास, दर आणि बाकी रक्कम लिहा, सोबत पुराव्यांच्या प्रती जोडा. वेतन संहितेप्रमाणे थकलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. एकट्याने जाण्यापेक्षा एकाच मालकाकडचे तीन-चार ड्रायव्हर मिळून गेले, तर नोंदी एकमेकांना जुळतात आणि अर्जाला वजन येतं.

ही माहिती आपल्या गावातल्या ड्रायव्हर बांधवांच्या ग्रुपवर जरूर पाठवा. आणि उद्या सकाळी गाडी रांगेत लावली की पहिला फोटो काढायला विसरू नका.